पोटातली वस्ती

गोड्या मसाल्यात दगडफूल नसेल तर तो मसाला गोडा होत नाही. हे पुण्या-साताऱ्यात जितके पक्के, तितकेच उज्जैनमधल्या मराठी घरांतही. राणोजी शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात येऊन इथलीच झालेली ही घरे बोलता बोलता हिंदीत आणि माळवीत सहज शिरतात, पण मसाल्याचे साहित्य अजून आजीच्या यादीप्रमाणेच आणतात. काळपट करडे, कडा मुडपलेले, तळहातावर घेतले तर वजन जाणवू नये असे ते दगडफूल गरम तेलात पडले की ओल्या रानाचा वास सोडते. चिमूटभर पुरते. हात सैल सुटला तर मसाला कडवट होतो.

दगडफूल म्हणजे शैवाक. एक कवक आणि एक शैवल यांचा हा जन्मभराचा संसार. कवक आसरा देते आणि ओल धरून ठेवते, शैवल उन्हावर साखर तयार करते. मुळे नाहीत, खोड नाही, माती असलीच पाहिजे असेही नाही. म्हणून जिथे गवत हार मानते तिथे शैवाक टिकते. आपण त्याची चिमूट वापरतो, पण पृथ्वीच्या उत्तर टोकाला एक मोठे जनावर याच जातकुळीवर हिवाळ्याचे कित्येक महिने काढते. ते म्हणजे रेनडिअर. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि सायबेरियाच्या माळांवर क्लॅडोनिया नावाची फिकट, फांद्याफांद्यांची शैवाके जमीन झाकून टाकतात. वर्षाला ती जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्यांच्यावर हातभर बर्फ साचला तरी रेनडिअरला बर्फाखालचा वास कळतो. पुढच्या खुरांनी खड्डा उकरून, मान आत घालून ते खात राहते.

उज्जैन कर्कवृत्ताला लागून आहे. २१ जूनच्या दुपारी इथल्या वेधशाळेतल्या शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. ध्रुववृत्ताच्या पलीकडे २१ डिसेंबरला सूर्य उगवतच नाही. एवढ्या लांबच्या दोन मुलुखांत चरणारी दोन जनावरे, माळवी गाय आणि रेनडिअर. दोघांच्या पोटाची रचना मात्र एकच आहे. दोघेही, खरे सांगायचे तर, आपला चारा स्वतः पचवत नाहीत. त्यांच्या पोटात राहणारी सूक्ष्मजीवांची वस्ती तो पचवते आणि ही वस्ती त्या त्या मुलुखाच्या चाऱ्यावर घडलेली असते. जनावर पाळणाऱ्याने, जनावराला घास भरवणाऱ्याने आणि जनावरांची धोरणे आखणाऱ्यानेही ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही की जनावरे मरतात. कधी उपासमारीने, तर कधी भरल्या पोटी.

उज्जैनच्या रामघाटावर सकाळच्या उन्हात बसलेल्या एखाद्या गाईजवळ थोडा वेळ थांबावे आणि तिच्या तोंडाकडे न पाहता मानेकडे पाहावे. मानेच्या खालच्या बाजूने एक गोळा झरकन वर सरकतो. लगेच जबडा आडवा फिरू लागतो, चाळीस, पन्नास, कधी साठ वेळा. मग चघळणे थांबते, गोळा पुन्हा खाली जातो, क्षणभर सगळे स्थिर असते आणि दुसरा गोळा वर येतो. गाय दिवसाचे सात-आठ तास अशी रवंथ करते. या वेळात तिच्या तोंडातून अफाट लाळ पोटात उतरते, दिवसाला शंभर लिटरच्या घरात. या लाळेत खाण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पोटात सतत तयार होणारी आम्ले त्याने निवतात. पुढे जे सांगायचे आहे ते बरेचसे या लाळेवरच अवलंबून आहे.

रेनडिअरचे रवंथ तर आणखी नवलाचे. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात दिवस मावळत नाही आणि वर्षभराची चरबी त्या थोड्या आठवड्यांत साठवायची असते, तेव्हा झोपायला वेळ कुठून आणायचा? नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथे रेनडिअरच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या गेल्या. त्यांचा निष्कर्ष २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला: रवंथ करत असताना या जनावरांच्या मेंदूत गाढ झोपेसारख्या लहरी उमटतात आणि जितके रवंथ जास्त, तितकी वेगळ्या झोपेची गरज कमी. जबडा चालू आणि मेंदू विसाव्यात!

गिळलेला चारा जातो तो कोठीपोटात. चार कप्प्यांपैकी हा सगळ्यात मोठा. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. आत हवा नाही, उजेड नाही, उष्णता एकोणचाळीस अंशांच्या आसपास आणि सामू सहा ते सातच्या दरम्यान. इथल्या एका मिलिलिटर द्रवात अब्जांच्या हिशेबात जिवाणू असतात. हे द्रव गरम असतानाच त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आधी दिसतात ते जिवाणू नव्हेत. दिसतात ते आदिजीव, अंगावरच्या केसांनी वल्हवत इकडून तिकडे धावणारे, एकमेकांवर आदळणारे, पोटात स्टार्चचे कण भरून घेतलेले. थेंब थंड होत जातो तशी त्यांची धावपळ मंदावते आणि काही मिनिटांत सगळे थांबते. फ्रान्समध्ये ग्रुबी आणि डेलाफाँ यांनी १८४३ मध्ये हे जीव पहिल्यांदा पाहिले. जिवाणूंना जिवंत वाढवून ओळखायला मात्र आणखी शतक लागले, कारण हवा लागली की त्यांतले बहुतेक मरतात. अमेरिकेच्या रॉबर्ट हंगेट यांनी हवा पूर्ण काढून टाकलेल्या नळ्यांत त्यांना वाढवण्याची रीत बसवली तेव्हा कुठे या वस्तीची शिरगणती सुरू झाली.

आणि त्यानंतरही एक मोठा रहिवासी नजरेतून सुटला होताच. कवकांना हवा लागतेच अशी ठाम समजूत होती. १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या कोठीपोटातले शेपटीवाले, पोहणारे जीव हे कवकांचे बीजाणू आहेत असे दाखवले आणि ती समजूत मोडली. काडाच्या कडक धाग्यात ही कवके आपले तंतू घुसवतात, धागा आतून फोडतात आणि जिवाणूंना वाट करून देतात. या कामात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे नाव आदराने घेतले जाते. भारतीय उंटाच्या पोटातून २०१५ मध्ये आणि बकरीच्या कोठीपोटातून २०१८ मध्ये तिथल्या संशोधकांनी अशा हवाविरहित कवकांच्या अगदी नव्या प्रजाती नोंदवल्या. बकरीतल्या कवकाचे नाव लिबेटान्झोमायसीस पॉलिमॉर्फस. बांधावर चरणाऱ्या आपल्या बकरीच्या पोटात जगाला ठाऊक नसलेला जीव होता, ही बातमी मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

ही वस्ती चाऱ्यातला सेल्युलोज फोडते आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्ले सोडते. कोठीपोटाच्या भिंतीतून ती रक्तात शिरतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेतला मोठा हिस्सा, साधारण सत्तर टक्के, याच आम्लांतून मिळतो. शिवाय हे जिवाणू वाढतात, मरतात, वाहत पुढच्या कप्प्यात जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. तिची बरीचशी प्रथिने म्हणजे हेच रहिवासी. शाकाहारी म्हणून आपण जिच्याकडे पाहतो ती गाय रोज आपल्याच पोटात वाढलेले जीव खाऊन जगते.

आता पुन्हा शैवाकांकडे. शैवाके सावकाश वाढतात, पळून जाऊ शकत नाहीत, म्हणून आपल्या बचावासाठी ती निरनिराळी आम्ले तयार करतात. त्यांपैकी अस्निक आम्ल हे चांगलेच जहाल. ते जिवाणूंना मारते. आघारकर संस्थेत शैवाकांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. डॉ. पी. जी. पटवर्धन आणि डॉ. ऊर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांची ओळख पटवण्यात उभी कारकीर्द घातली. तिथेच अस्निया घाटेन्सिस या पश्चिम घाटातल्या शैवाकाचे अर्क जिवाणूंवर टाकून पाहिले गेले आणि ते जिवाणूंची वाढ रोखतात असे आढळले.

मग प्रश्न असा की ज्याचे सगळे पचन जिवाणूंच्या भरवशावर चालते, त्या रेनडिअरने जिवाणू मारणारे शैवाक महिनोन्‌महिने खायचे तरी कसे? अमेरिकेत वायोमिंगमध्ये २००४ च्या हिवाळ्यात शेकडो एल्क हरणे उठता न येऊन माळावर पडून राहिली आणि मेली. नेहमीचा चारा सोडून त्यांनी शैवाक खाल्ले होते आणि त्यात अस्निक आम्ल होते. एल्क आणि रेनडिअर दोघेही हरणाच्याच कुळातले, दोघेही रवंथ करणारे. एकासाठी जे विष, ते दुसऱ्याचा रोजचा घास.

ट्रॉम्सोच्या मोनिका सुंडसेट आणि स्वाइन मॅथिसन यांच्या गटाने याचा माग काढला. अस्निक आम्ल असलेले शैवाक रेनडिअरला खाऊ घातले आणि मग कोठीपोटातला माल, मूत्र, शेण सगळीकडे त्या आम्लाचा शोध घेतला. ते कुठेच सापडले नाही. कोठीपोटातच त्याचा निकाल लागत होता. २००८ मध्ये त्यांनी रेनडिअरच्या कोठीपोटातून अस्निक आम्लाला दाद न देणारा एक जिवाणू वेगळा काढला आणि रेनडिअरच्या शास्त्रीय नावावरून त्याला युबॅक्टेरियम रँजिफेरिना असे नाव दिले. रेनडिअरने विष पचवण्याची ताकद आपल्या यकृतात कमावली नाही, ती कोठीपोटातल्या वस्तीने कमावली. आणि वस्ती ज्या चाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसली, त्याच चाऱ्यापुरती ती ताकद.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे ऐकून सुबाभूळ आठवायला हवी. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली. त्यांच्या ग्रामीण कामासाठी त्यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. संकरित गाई आल्या, गाईंना हिरवा चारा हवा आणि कोरडवाहू रानात हिरवा चारा कुठून येणार, म्हणून बाएफने सुबाभळीचा जोरदार पुरस्कार केला. भराभर वाढणारी, छाटली की पुन्हा फुटणारी आणि पाल्यात भरपूर प्रथिने असणारी ही सुबाभूळ बांधाबांधावर लागली. पण तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. घोड्याने ती फार खाल्ली तर आयाळ-शेपटीचे केस गळतात. गाई-बकऱ्यांच्या कोठीपोटात मिमोसिन मोडते, पण त्यातून जो पदार्थ उरतो तो कंठग्रंथीचे काम बिघडवतो. गळा सुजतो, वजन घटते. म्हणून सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नये, हा सल्ला आपल्याकडच्या गोठ्यांत रुजला.

ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांना मात्र एक कोडे सुटत नव्हते. ऑस्ट्रेलियातली गुरे सुबाभळीने आजारी पडत, पण हवाईतल्या बकऱ्या तीच सुबाभूळ पोटभर खाऊन धडधाकट राहत. जनावराच्या जातीचा फरक नव्हे, पोटातल्या वस्तीचा फरक असणार, असा त्यांनी तर्क केला. मग हवाईच्या बकऱ्यांच्या कोठीपोटातले द्रव ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना पाजले. दुधाला विरजण लागावे तसे ते लागले. सुबाभूळ खाऊनही जनावरे सुदृढ राहिली आणि एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात तो गुण कळपभर पसरला. त्या जिवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टेस जोन्सिआय असे नाव मिळाले. जोन्स यांच्या नावाचा जिवाणू! शास्त्रज्ञाला याहून सुंदर स्मारक मला सुचत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात हंगामात गुरांपुढे पडणाऱ्या उसाच्या वाढ्यांचीही गोष्ट अशीच आहे. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियमला बांधून टाकते. ऑक्झॅलेट खाणारे ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनेससारखे जिवाणू कोठीपोटात असतात, पण थोडेच. चाऱ्यात ऑक्झॅलेट हळूहळू वाढत गेले तर तेही वाढतात, एकदम वाढले तर मागे पडतात.

शैवाकाची दुसरी अडचण म्हणजे त्यात साखरेच्या जातीचे पदार्थ भरपूर, पण प्रथिने दोन-तीन टक्के. गव्हाच्या काडातही साधारण तेवढीच. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यात गहू निघाला की भुशाचे ढीग लागतात, सोयाबीनचे कुटार त्याआधीच रचलेले असते आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत बहुतेक गाईंपुढे पडते ते हेच. इतक्या कमी प्रथिनांत जनावर जगते कसे? रेनडिअर हिवाळ्यात लघवीवाटे जाणारा युरिया अडवते आणि रक्तातून, लाळेतून पुन्हा कोठीपोटात आणून सोडते. जिवाणू त्यातला नत्र घेऊन स्वतःचे शरीर घडवतात आणि रेनडिअर त्या जिवाणूंना पचवते. गाईतही हेच चालते, फक्त रेनडिअरला ते अधिक काटकसरीने करावे लागते. काडावर युरियाची प्रक्रिया करायला पशुवैद्यक सांगतात त्यामागे हेच गणित आहे. शंभर किलो काडाला चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, काड दाबून हवाबंद झाकायचे आणि तीन आठवड्यांनी उघडायचे. काड मऊ पडते आणि जिवाणूंना नत्र मिळते. हाच युरिया न मोजता, न विरघळवता गव्हाणीत पडला तर मात्र त्याचा अमोनिया होऊन जनावर तास-दोन तासांत दगावते. वासरांना तर हे काड द्यायचेच नाही, कारण त्यांची वस्ती अजून बसलेली नसते.

कोठीपोटातले हे आंबणे उष्णता निर्माण करते. इथे थंड आणि उष्ण मुलुखांची वाट खरी वेगळी होते. उणे तीस अंशांपर्यंतच्या थंडीत हिवाळी लोकर असलेल्या रेनडिअरला अंग गरम ठेवायला वेगळा खर्च करावा लागत नाही. दाट लोकर ती उष्णता अडवते आणि पोटात आंबणारा चारा तीत भर घालतो. उज्जैनच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा हीच उष्णता गाईच्या जिवावर उठते. ती खाणे कमी करते, रवंथ कमी करते, तोंड उघडून धापा टाकते आणि जी लाळ पोटात जायची ती जमिनीवर गळते. लाळेबरोबर सोडा गेला की कोठीपोटातले आम्ल वाढते. पांढरट करड्या, सैल कातडीच्या माळवी गाईला हा उन्हाळा संकरित होल्स्टीनपेक्षा पुष्कळच सोसतो. तरीही चारा पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावा, भर दुपारी नव्हे, ही इथल्या जुन्या गवळ्यांची रीत शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते.

उत्तरेत ऋतूप्रमाणे वस्तीच बदलते. ऑर्पिन आणि मॅथिसन यांनी स्वालबार्ड बेटांवरच्या रेनडिअरची १९८५ मध्ये नोंद प्रसिद्ध केली. उन्हाळ्यात कोठीपोटाच्या एका मिलिलिटरात सुमारे वीस अब्ज जिवंत जिवाणू, हिवाळ्यात त्यांच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. चारा आटला की वस्ती आटते आणि उरते ती कडक धागा फोडणारी, काटक वस्ती. वसंतात कोवळे अंकुर येतात तेव्हा ती पुन्हा भरते. दोन्ही वेळा हळूहळू.

हा हळूपणा मोडला की काय होते ते रेनडिअर पाळणारे सामी लोक चांगले जाणतात. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडून बर्फावर जाड थर गोठला की खूर आत जात नाही आणि शैवाक समोर असून तोंडी लागत नाही. सायबेरियातल्या यामल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये असाच पाऊस पडला आणि त्या हिवाळ्यात ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. अशा वेळी दया येऊन उपाशी कळपापुढे वाळलेल्या गवताच्या गंजी टाकल्या, तर काही रेनडिअर पोट टम्म भरलेल्या अवस्थेत मरतात. कडक गवत फोडणारी वस्ती त्यांच्याजवळ मुळात कमी असते, उपासाने ती आणखी खंगलेली असते. गवत आत जाते आणि तसेच पडून राहते. म्हणून अनुभवी सामी कुटुंबे आधी गोळा करून ठेवलेले शैवाक देतात आणि मग थोडा थोडा दुसरा चारा वाढवत नेतात.

उज्जैनमध्ये दयेचा हा घास वेगळा असतो. पितृपक्षात सिद्धवटावर आणि रामघाटावर तर्पणाला माणसांची रीघ लागते. पान मांडले की गोग्रास आलाच. सर्वपित्री अमावास्येला तर एकाच गाईपुढे सकाळपासून पुऱ्या, खीर, लाडू, भात, पोळ्या येत राहतात. देणाऱ्याच्या मनात श्रद्धेशिवाय काही नसते आणि त्या श्रद्धेविषयी मला आदरच आहे. पण तो घास आधी गाईला मिळत नाही, वस्तीला मिळतो.

पुऱ्यांतला आणि भातातला स्टार्च कोठीपोटात पडला की स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस या जिवाणूला पर्वणी लागते. अनुकूल स्थितीत तो वीस-एक मिनिटांत दुप्पट होतो. तो जे आम्ल सोडतो ते लॅक्टिक आम्ल, नेहमीच्या आम्लांपेक्षा सुमारे दहापट तीव्र. सामू सहावरून साडेपाचवर, पाचवर, त्याखाली घसरतो. काड फोडणारे जिवाणू मरतात, आदिजीव मरतात आणि आम्लात फोफावणारे लॅक्टोबॅसिलस जागा बळकावतात. कोठीपोटातला द्रव इतका दाट होतो की तो रक्तातले पाणी ओढून घेतो. पोट डुबडुबते, डोळे खोल जातात, रवंथ बंद पडते, आंबूस वासाची पातळ हगवण लागते. कोठीपोटाची भिंत आतून भाजून निघते. वेळेत उपचार झाले नाहीत तर गाय उठत नाही. वाचली तरी पुढे खुरांची दुखणी मागे लागतात. पुऱ्यांबरोबर प्लास्टिकची पिशवीही गेली असेल तर ती कोठीपोटातून कधीच बाहेर पडत नाही, शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

यात पुरी वाईट आणि गवत चांगले असा सरळ निवाडा नाही. दुभत्या गाईला धान्य देतातच, भरपूर देतात. फक्त ते दोन-तीन आठवड्यांत चढत्या मापाने देतात, तोवर लॅक्टिक आम्ल खाणारे दुसरे जिवाणू वाढून तयार होतात. रस्त्यावरची गाय वर्षभर काड, कागद आणि भाजीचा पाला खाते आणि एका अमावास्येला तिच्यापुढे किलोगणती कणीक येते. २०२८ मध्ये इथे सिंहस्थ भरेल तेव्हा अन्नछत्रे रात्रंदिवस चालतील आणि उरलेले अन्न पुन्हा गाईंपुढेच जाईल. पालिकेने आणि आखाड्यांनी आतापासून घाटांवर हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्यांची सोय केली आणि गोग्रास म्हणून एकच पोळी, बाकी चारा, असे सांगितले तर श्रद्धेला कुठेही बाध येत नाही.

पोट बिघडलेल्या गाईला पशुवैद्यक सोडा देतात, शिरेतून पाणी-क्षार चढवतात आणि फारच झाले तर डाव्या कुशीवर छेद घेऊन कोठीपोट रिकामे करतात. पण रिकामे केलेले पोट काड पचवू शकत नाही, कारण वस्तीच गेलेली असते. मग ती दुसरीकडून आणावी लागते. अठराव्या शतकातल्या स्वीडनमध्ये शेतकरी निरोगी गाईच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून आजारी गाईला भरवत असल्याची नोंद आहे. आज हेच काम नळीने होते. निरोगी गाईच्या कोठीपोटातून नळी घालून द्रव उपसायचे, जाडसर कापडातून गाळायचे आणि थंड होऊ न देता, हवा फारशी लागू न देता काही लिटर द्रव आजारी गाईच्या पोटात सोडायचे. देणारी गाय त्याच भागातली, तोच चारा खाणारी असली तर उत्तम. एक-दोन दिवसांत पाजलेली गाय वाळल्या चाऱ्याला तोंड लावते आणि तिच्या मानेवरून गोळा वर सरकताना दिसला की पशुवैद्यक सोडा बंद करायला सांगतात.